मदत आणि मशीन

‘मदत’ हा सरकारी शब्द जरा उलटापालटा करून बघू.

१९७४ साली राज्य सरकारनं चर्मकारांसाठी महामंडळ काढलं; आज त्याला संत रोहिदासांचं नाव आहे. १९८५ साली पंतप्रधानांच्या अनुदानातून मुंबईला १०० कोटी, त्यातले काही धारावीला. १९९५ साली २२५ चौरस फुटांची फुकट खोली. दिलंच नाही, असं मी म्हणत नाही. पण देणाऱ्यानं झोपडी बघितली, तिच्यातलं काम बघितलं नाही. धारावीत खाली चामडं कापायचं, बॅगा शिवायच्या, वर पोटमाळ्यावर झोपायचं. सातव्या मजल्यावर मशीन मांडायचं कुठं, माल उतरवायचा कुठं? वर २०१५ साली त्याच राज्यानं बैलाच्या कत्तलीवर बंदी आणली. एका हातानं कर्ज, दुसऱ्या हातानं चामडंच काढून घेतलं.

आता आपल्या कविता काढा. गटार आहे, चिखल आहे, उंदीर आहेत. गटाराकाठी मध्यरात्रीपर्यंत खडखडणारं मशीन किती ओळींत आहे? फाईलला फक्त घाण दिसते. कवितेलाही तेवढीच दिसली, तर फरक काय राहिला?

१९४७ साली बाबासाहेबांनी मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे करा म्हणून लिहून मागितलं. ती मालकीची भाषा होती, खैरातीची नव्हे. आपण कुठल्या भाषेत लिहितोय?