गोष्ट कोण सांगतंय?

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कुणालाही विचारा, कथेवरच्या प्रश्नाचं उत्तर कसं सुरू होतं. 'या कथेतून लेखकाला असे सांगायचे आहे की...' दहावीचा मुलगा असो की एम. ए.ची विद्यार्थिनी, सुरुवात ठरलेली. पुढे मग प्रामाणिकपणा, कष्टाचं मोल, मातृप्रेम, त्या पाठाच्या वाट्याला जे आलं असेल ते. उत्तर चूक नसतं आणि गुणही पडतात. अडचण एवढीच की ते लिहायला कथा वाचावी लागत नाही.

कथा-कादंबरीच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे बोलणं निघालं की 'हल्ली मुलं वाचतच नाहीत' या तक्रारीपाशी ते संपतं. वाचणाऱ्या मुलाला नेमकं काय उमगलं म्हणजे कथा कळली असं धरायचं, हे कुणी विचारत नाही. मला दिसतं ते असं : मराठीच्या वर्गात कथेचा आशय शिकवला जातो, कथन शिकवलं जात नाही. गोष्ट कोण सांगतंय, कधी आणि कुणाला सांगतंय, सांगणाऱ्याला किती ठाऊक आहे आणि तो काय गाळतोय, हे विचारायची सवय शाळेत लागत नाही आणि पुढे कॉलेजातही राहूनच जाते.

तात्पर्याची ओढ आपल्याला जुनीच आहे. कीर्तनातलं आख्यान निरूपणासाठी असतं, आणि छापील मराठी गोष्टींच्या आरंभीच इसापनीती उभी आहे. बाबा पदमनजींनी 1857 मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं तेही हिंदू विधवांची स्थिती मांडण्यासाठी. पण याच परंपरेत हरिभाऊ आपटे होऊन गेले, हे विसरता कामा नये. 'पण लक्षांत कोण घेतो!' 1890 पासून 'करमणूक'मधून क्रमशः आली. तिच्यात यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानं सांगते, आणि लिहिणारे हरिभाऊ पुरुष. लेखक वेगळा आणि निवेदक वेगळा, हे नववीतल्या मुलाला पटवायला इतकं सोपं उदाहरण दुसरं कुठे मिळणार? आपण मात्र त्या कादंबरीवर सव्वाशे वर्षं 'तत्कालीन स्त्रीजीवनाचे चित्रण' हाच प्रश्न काढत आलो.

'श्यामची आई'चं तर आपण फारच नुकसान केलं आहे. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाची बांधणी साधी नाही. आश्रमात जमलेल्या सोबत्यांना मोठा झालेला श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो. अशा 42 रात्री. ऐकणारे मधूनमधून बोलतात, आणि श्यामबद्दल सांगणारा आणखी एक आवाज बाहेर आहेच. क्रमिक पुस्तकात येतो तो त्यातला एखादा प्रसंग. पायांना माती लागू नये म्हणून आईनं पदर पसरला, तो घ्या. आश्रम गेला, श्रोते गेले, रात्र गेली. आई गेल्यावर कितीतरी वर्षांनी मुलगा हे सांगतोय, ही गोष्टही गेली. उरलं लहान मुलाचं आणि आईचं संभाषण, खाली स्वाध्याय. पुस्तकातलं दुःख ज्या अंतरातून येतं ते अंतरच कापून टाकल्यावर 'श्यामच्या आईचे गुण लिहा' याशिवाय विचारायचं तरी काय उरतं?

परीक्षेकडे वळू, कारण वर्गात काय शिकवलं जाईल हे तिथे ठरतं. काही वर्षांपूर्वी प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. पाठांतर सुटावं, मुलांनी स्वतःचं लिहावं, हा हेतू चांगला होता. कथेचं मात्र त्यातून फारसं भलं झालं नाही. चौकटी पूर्ण करा, ओघतक्ता करा, कारणे लिहा, या कृती माहितीपर उताऱ्यावर ठीक चालतात. कथेवर त्या लावल्या की नायकाचं दुःखही चार चौकटींत भरावं लागतं. खरी जागा 'स्वमत'ची होती. पण गाइडवाल्यांनी स्वमतही छापून दिलं, आणि लाखभर मुलांचं स्वतःचं मत शब्दशः सारखं येऊ लागलं. (छापील स्वमत पाठ करण्याइतका विनोदी प्रकार मिरासदारांच्याही कथेत सापडायचा नाही.)

बारावीच्या 2020च्या 'युवकभारती'नं कथा हा साहित्यप्रकार स्वतंत्र विभागात घेतला. प्रकाराची ओळख करून देऊन पुढे व. पु. काळे यांची 'शोध' आणि प्रतिमा इंगोले यांची 'गढी' अशा दोन पूर्ण कथा दिल्या. हे पाऊल मोलाचं. तुकड्याऐवजी अख्खी कथा हातात पडणं हीच मोठी गोष्ट. त्या विभागाला 80 पैकी 10 गुण आहेत, म्हणजे अगदीच कमी नाहीत. तरी प्रकाराच्या त्या ओळखीत दिलेले कथानक, पात्रे, संघर्ष, वातावरण हे घटक वर्गात पोचेपर्यंत वाणसामानाच्या यादीसारखे होतात : प्रत्येकापुढे खूण करायची आणि पुढे जायचं.

कथन शिकवणं म्हणजे काय, ते 'बनगरवाडी'वर दाखवता येईल. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर राजाराम हा पोरसवदा मास्तर एकशिक्षकी शाळेवर येतो आणि पुढे जे घडतं ते तोच सांगतो. माडगूळकरांनीही पोरवयात मास्तरकी केली होती, म्हणून विद्यार्थी सर्रास लिहितात की लेखक बनगरवाडीत शिक्षक होते. इथेच थांबून विचारायला हवं. राजाराम गावात बाहेरचा आहे. मेंढरं, पाऊस, गावातली जुनी वैरं, यातलं त्याला आधी काही कळत नाही. शाळेत पोरं का येत नाहीत, कारभाऱ्याच्या शब्दाला एवढं वजन का, हे तो शिकत जातो आणि आपणही त्याच्या पावलानं शिकतो. सर्वज्ञ निवेदकानं हीच गोष्ट सांगितली असती तर आपल्याला पहिल्या पानावर सगळं कळलं असतं, आणि गाव उरलं नसतं.

आता अंजीच्या चोळीचा प्रसंग. कारभाऱ्याची मुलगी मास्तरकडून चोळी शिवून आणवते. गावात कुजबुज होते, कारभारी बिथरतो. मास्तरला अंजीबद्दल काय वाटत होतं? तो धड सांगत नाही. बारीकसारीक टिपणारा हा निवेदक नेमका इथे आखडता हात घेतो. लाजतो म्हणून? स्वतःलाच कबूल करायचं नाही म्हणून? की गावाचा मास्तर म्हणून मिळालेली जागा त्याला गमवायची नाही म्हणून? तिन्ही उत्तरांना मजकुरात आधार शोधता येतो. मुलांना तो शोधायला लावला तर तासभर वर्ग जागचा हलणार नाही. शेवटी दुष्काळ पडतो, जित्राबं मरतात, माणसं उठून जातात, शाळेत पोरं उरत नाहीत. यावर नेहमीचा प्रश्न 'दुष्काळाचे वर्णन करा'. मी विचारीन : एवढं सगळं उद्ध्वस्त होताना मास्तर आवाज का चढवत नाही, आणि त्यानं तो चढवला असता तर आपल्याला जास्त वाईट वाटलं असतं की कमी?

असे प्रश्न विचारायला मोठी समीक्षापरिभाषा लागत नाही. शिक्षकानं मात्र ती कादंबरी स्वतः, अख्खी, शक्यतो दोनदा वाचलेली लागते. आणि आपण शिक्षक निवडतो कसे? 2012 पासून नेटची परीक्षा पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली. साहित्यकृती आणि लेखक यांच्या जोड्या लावता आल्या, प्रकाशनवर्षांचा क्रम पाठ असला की प्राध्यापक व्हायची पात्रता मिळते. 'रणांगण' 1939 आणि 'कोसला' 1963 हे ठाऊक असणं वाईट नाही. पण 'कोसला'चा निवेदक पांडुरंग सांगवीकर आपल्याविषयी जे सांगतो त्यातलं किती खरं धरायचं, हे ठरवण्याची कुवत त्यातून तपासली जात नाही. मग तोच प्राध्यापक 'कोसला' नेमाड्यांचं आत्मचरित्र म्हणून शिकवतो.

चांगलं काम होत नाही असं नाही, ते बहुधा परीक्षेपासून लांब होतं. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग पाहा. उत्तम मराठी उतारे, शेजारी चित्रं, आणि मुलाला मजकुराकडे परत पाठवणारे प्रश्न. पालघर जिल्ह्यातल्या क्वेस्ट संस्थेच्या 'गोष्टरंग'मध्ये तरुण कलाकार आश्रमशाळांतल्या मुलांपुढे गोष्टींची नाटकं करतात आणि त्या निमित्तानं मुलांना पुस्तकापर्यंत नेतात. गोष्ट कुणाच्या तरी तोंडून येते, तो माणूस बदलला की गोष्टही बदलते, हे तिथल्या पोराला न शिकवता कळत असणार. फलटणला कमला निंबकर बालभवनात मुलं स्वतः लिहितात. स्वतः गोष्ट लिहिलेल्या मुलाला निवेदक म्हणजे काय ते वेगळं समजावावं लागत नाही.

हे सगळं शिक्षणमंडळानं उद्याच आपलंसं करावं असं मी म्हणत नाही. एक लहानशी गोष्ट मात्र लगेच करता येईल. दहावीच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला 4 गुण आहेत. तिथे बहुतेक वेळा वेळेचं महत्त्व, पर्यावरण, वाचनाचे फायदे असले वैचारिक उतारे येतात. त्याऐवजी एखाद्या वर्षी कुठल्याही गाइडात नसलेली पानभराची कथा द्यावी आणि तिच्यावर एकच कृती ठेवावी : ही गोष्ट सांगणारा कोण आहे, आणि त्यानं काय सांगायचं टाळलं आहे? प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी एवढं केलं तर पुढच्या जूनपासून वर्गातलं शिकवणं आपोआप बदलायला लागेल.