नाबोथचा मळा आणि नगराची चाळ

रेवसच्या धक्क्यावरून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरलेल्या कित्येक कुटुंबांना मुंबईने पहिला आसरा दिला, तो चाळीतल्या एका खोलीचा. त्या खोलीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. चाळ कोणाच्या मालकीची, हा प्रश्न मात्र आमच्या लेखकांनी फारसा विचारला नाही.

1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली, मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधलेल्या बी.आय.टी. चाळी पुढे 1933 मध्ये महापालिकेच्या ताब्यात आल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्य दोन दशके होते. म्हणजे मालकी नगराची आणि स्मृती साऱ्या महाराष्ट्राची. त्यांच्या पुनर्विकासाचा मार्ग मात्र खासगी विकासकाच्या दारातून जातो. रहिवाशांनी बहुमताने विकासक निवडावा. त्याने त्यांना किमान 300 चौरस फुटांचे घर विनामूल्य द्यावे आणि उरलेले बांधकाम खुल्या बाजारात विकून खर्च व नफा काढावा, अशी ही योजना.

या पार्श्वभूमीवर पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (1958) पुन्हा वाचली. अखेरच्या चिंतनात हसू मावळते आणि उरते ती शेजाराची हुरहूर. ती खरी आहे; पण सार्वजनिक संडासासमोर पहाटे रांगेत उभ्या राहणाऱ्या गृहिणीला ती हुरहूर परवडत नाही. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (1997) हे नाटक अधिक कठोर आहे. 1982 च्या संपानंतर गिरणी कामगाराच्या एका खोलीत आई आणि मुले कशी विखुरत जातात, हे ते निष्ठुरपणे दाखवते. तरीही दोन्ही कृतींत दृष्टी खोलीच्या आतच राहते. घराचे भवितव्य ठरवणारा कागद कोठे लिहिला जातो, ते आपल्याला दिसत नाही.

जुन्या करारातील नाबोथच्या कथेत (1 राजे, अध्याय 21) तो कागद दिसतो. अहाब राजा आरंभी सौजन्याने बोलतो : याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख मोल घे. नाबोथ वडिलोपार्जित वतन देत नाही. मग ईजबेल राजाच्या मुद्रेची पत्रे धाडते, वडीलजन सभा भरवतात, खोटे साक्षीदार उभे राहतात. साऱ्या गोष्टी रीतसर पार पडतात! अन्यायाला कायद्याचे वस्त्र कसे नेसवले जाते, याचे इतके मोजके चित्रण आम्ही अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

दाखला सर्वस्वी जुळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. नाबोथ मालक होता, चाळकरी भाडेकरू आहे. नाबोथचा मळा फुललेला होता, चाळीचे छत गळते आहे. नवे घर हवे असे म्हणणाऱ्याला लोभी ठरवणे अन्यायाचे होईल. आमचा आक्षेप मालकावर आहे. नगराने जमीन आपली म्हणायची आणि घर देण्याचा धर्म मात्र नफ्याच्या हिशेबावर सोपवायचा, ही गोष्ट आम्हांस पटत नाही. बहुमताने निर्णय होतो. पण संमती न देणाऱ्या वृद्धेला करारनामा समजावून कोण सांगतो?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ (2015) या परिपत्रकात याची कसोटी सापडते. लोकांना हलवावेच लागले, तर त्यांना आधी पुरेशी माहिती द्यावी, चांगल्या घरांचे पर्याय द्यावेत आणि निर्णयात त्यांना सहभागी करून घ्यावे, असे ते सांगते. याहून अधिक काही आम्ही मागत नाही.

रेवस-करंजा पुलाचे काम हाती घेतले गेल्यापासून मोल सांगणारे लोक आता आपल्या वाड्यांच्या कुंपणाशीही येऊन उभे राहतात. म्हणून नाबोथची कथा घरी मुलांसमवेत पुन्हा वाचावी आणि पत्रावर मुद्रा कोणाची आहे, हे विचारण्याची सवय त्यांना लावावी.