निर्मितीचे तंत्र आणि परिषदेचे स्थान

प्रतिभा शिकविता येत नाही, हे काव्यशास्त्राचे जुने गृहीत आहे. प्रतिभेला वाट करून देणारी तंत्रे मात्र शिकविता येतात, ही विसाव्या शतकाची धारणा आहे. या दोहोंत विरोध आहे असे सहसा मानले जाते. वस्तुतः मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांना मिळून काव्याचा एकच हेतू मानला, तेव्हा तंत्राला प्रतिभेच्या व्यवहारात स्थान मिळालेलेच होते. निर्णायक प्रश्न पुढचा आहे: निर्मितीच्या कोणत्या टप्प्यावर कवीने एकटे असावे, आणि समूहाला प्रवेश कोठे द्यावा?

अमेरिकन जाहिरात व्यवसायातील ॲलेक्स ऑस्बॉर्नने 1953च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या ग्रंथात मांडलेले, आणि मराठीत ‘विचारमंथन’ म्हणून रूढ झालेले तंत्र समूहाला कल्पनेच्या उगमापाशीच नेऊन बसविते. टीका स्थगित ठेवावी, कल्पना मोकळी सोडावी, संख्येवर भर द्यावा आणि इतरांच्या कल्पनांना जोड द्यावी, असे त्याचे चार नियम. मात्र 1958 साली येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक यांच्या प्रयोगात, स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र मोजल्या असता, त्या एकत्र बसलेल्या चौघांच्या कल्पनांहून सुमारे दुप्पट भरल्या. 1987 साली डील आणि श्ट्रोबे यांनी याचे एक साधे कारण पुढे आणले: एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात विचाराची गती खुंटते. ऑस्बॉर्नने एकट्याच्या चिंतनाचे महत्त्व नाकारले नव्हते. पण त्याच्या तंत्राच्या प्रसारात त्याकडे दुर्लक्ष झाले.

या पार्श्वभूमीवर राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तील कविचर्या पुन्हा वाचण्याजोगी आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथकार कवीचा दिवस चार प्रहरांत विभागतो. पहिला प्रहर विद्याभ्यासाचा, दुसरा काव्यरचनेचा. तिसऱ्या प्रहरी, भोजनोत्तर, काव्यगोष्ठी. तीत प्रश्नोत्तरे, समस्यापूर्ती, चित्रकाव्याचे प्रयोग. चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची परीक्षा, एकट्याने किंवा मोजक्या परिषदेसह. कारण रसावेशात रचना करणाऱ्याची दृष्टी विवेक करू शकत नाही. निर्णय स्थगित ठेवण्याचे तत्त्व येथेही आहे. परंतु स्थगित केलेला निर्णय कधी आणि कोणी घ्यावयाचा, हेही येथे ठरलेले आहे. समूहाचे काम दोन ठिकाणी आहे, नियमांच्या सरावात आणि परीक्षेत. रचनेचा प्रहर कवीचा एकट्याचा.

1960 साली रेमों क्वनो आणि फ्रांस्वा ल लियोने यांनी पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या ‘ऊलिपो’ या मंडळाची कार्यपद्धती या विभागणीच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ जाते. मंडळ एकत्र बसून लेखनाचे निर्बंध शोधते. त्या निर्बंधांत कृती घडवितो तो एकटा लेखक. जॉर्ज पेरेकची ‘ला दिस्पारिस्यों’ (1969) ही कादंबरी फ्रेंचमधील सर्वाधिक वापरातले अक्षर ‘ई’ पूर्णतः वर्ज्य करून लिहिली आहे. या अक्षराविना फ्रेंचमध्ये ‘आई’ लिहिता येत नाही, ‘वडील’ लिहिता येत नाही, पेरेकला स्वतःचे नावही लिहिता येत नाही. त्याचे वडील 1940च्या युद्धात गेले. आईला 1943 साली आउश्वित्झला नेण्यात आले. हा संदर्भ ध्यानात घेतला की निर्बंध हा अलंकार राहत नाही. तोच कृतीचा आशय होतो.

हे निरीक्षण मराठी समीक्षेला आपल्याच घरातील एका निकालाकडे परत नेते. मोरोपंतांच्या अष्टोत्तरशत रामायणांवर कृत्रिमतेचा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. तो घेताना सर्व निर्बंध एकाच मापाने मोजले गेले. मंत्ररामायणात राममंत्राची अक्षरे पद्यांत गुंफलेली आहेत. निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. ‘म’ हा ओष्ठ्य वर्ण असल्यामुळे दुसऱ्या नियमानुसार ‘राम’ हे नावच उच्चारता येत नाही. म्हणजे एका रचनेत नाम सर्वत्र दडलेले, तर दुसरीत रामकथा नामावाचून सांगण्याचा पण. नामस्मरणाला साधना मानणाऱ्या परंपरेत हे दोन निर्बंध समान अर्थाचे असू शकत नाहीत. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील मंत्रगुप्त ओठ दुखावला असल्यामुळे ओष्ठ्य वर्ण टाळून आपली कथा सांगतो, तेथे निर्बंधाला कथेतूनच कारण मिळते. मोरोपंतांच्या प्रत्येक रामायणात असे कारण सापडेलच, असा दावा करता येणार नाही. अनेक ठिकाणी केवळ कौशल्याचे प्रदर्शन असेल. परंतु ते प्रत्येक रचनेपुरते सिद्ध करावे लागेल. तंत्राची उपस्थिती हा पुरावा होऊ शकत नाही.

राजशेखराच्या चौथ्या प्रहराची परिषद म्हणजे एका अर्थी समीक्षाच. रचनेच्या प्रहरात तिने शिरू नये आणि परीक्षेचा प्रहर आला की तिने टाळाटाळ करू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे. मोरोपंतांच्या बाबतीत ही परीक्षा मोठ्या प्रमाणावर व्हावयाची राहिली आहे.