बार्बरा पिमच्या गुणी बायका

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट केव्हा ना केव्हा जाणवल्यावाचून राहत नाही. ह्या कादंबऱ्यांत पाद्री पुष्कळ भेटतात. देवाला हात जोडणारी माणसे मात्र क्वचितच भेटतात. ट्रोलॉपच्या बारसेटशायरात तर पाद्र्यांची जत्राच भरली आहे. 'द वॉर्डन' (१८५५) आणि 'बारचेस्टर टॉवर्स' (१८५७) ह्या कादंबऱ्या उघडाव्यात, की बिशप, बिशपवर अंमल गाजविणारी मिसेस प्राउडी, तापट आर्चडीकन ग्रँटली, घामट हातांचा स्लोप अशी मंडळी एकापाठोपाठ एक हजर होतात आणि कडाडून भांडू लागतात. भांडण मोठे मजेचे आहे. पण ते मानाचे आणि जागेचे आहे. देवाचे नाव त्यात तोंडी लावण्यापुरते येते. अपवाद एकट्या म्हाताऱ्या हार्डिंगचा. स्लोप कॅथीड्रलमध्ये उभा राहून सुरावर म्हटलेल्या प्रार्थनेची निंदा करतो, तेव्हा ज्याने जन्मभर ते सूर सांभाळले त्या हार्डिंगच्या काळजाला ती लागते. मनाची तगमग झाली की हा गृहस्थ हातात नसलेला सेलो वाजवू लागतो. युक्तिवाद त्याला येत नाही. आपण जे करीत आलो ते का करीत आलो, हे त्याला चारचौघांत सांगता येत नाही. म्हणून ते हिरावले जाऊ लागले की त्याची बोटे तेवढी हवेत फिरत राहतात.

ज्या लेखिकेविषयी मला लिहावयाचे आहे तिने ह्या हार्डिंगलाच आपल्या साऱ्या लेखनाचा विषय केला, असे मला वाटते. फक्त तिने त्याला बाई केले, लंडनमधल्या भाड्याच्या जागेत आणून ठेवले आणि त्याच्या हाती सेलोऐवजी चहाची किटली दिली.

बार्बरा पिमचा जन्म १९१३ चा. १९५० ते १९६१ ह्या काळात तिच्या सहा कादंबऱ्या निघाल्या. सातवी १९६३ साली प्रकाशकाने परत केली, आणि मग चौदा वर्षे तिचे एकही पुस्तक निघाले नाही. ह्यातल्या बहुतेक काळात बाई आफ्रिकेतील समाजांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत संपादनाची नोकरी करीत होत्या, रविवारी चर्चला जात होत्या आणि न छापणारे लेखन करीत होत्या. १९७७ साली लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'ने अनेक लेखकांना विचारले, की ज्यांची योग्य कदर झाली नाही असे लेखक कोण. तेव्हा कवी फिलिप लार्किन आणि लॉर्ड डेव्हिड सेसिल ह्या दोघांनीही पिमबाईंचेच नाव घेतले. त्याच वर्षी 'क्वार्टेट इन ऑटम' निघाली. तीन वर्षांनी, १९८० च्या जानेवारीत, बाई वारल्या. आपल्याकडेही अशा कहाण्या कमी नाहीत. पण आपल्याकडे 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट' नाही.

तिचे जग समजावयाचे तर थोडी पार्श्वभूमी हवी. चर्च ऑफ इंग्लंड सोळाव्या शतकात रोमपासून तुटले. तुटताना त्याने काय टाकले आणि काय ठेवले, हा वाद अजून चालू आहे. १८३३ पासून ऑक्सफर्डच्या काही विद्वानांनी 'ठेवले' ह्या बाजूवर भर द्यावयास आरंभ केला आणि त्यातून पुढे अँग्लो-कॅथलिक म्हणून ओळखला जाणारा पंथ वाढला. धूप, घंटा, भरजरी वस्त्रे, पापाची कबुली, उपासाचे दिवस, सारे रोमसारखे. पोप तेवढा नको. बिशपने डोक्यावर हात ठेवून दिलेली दीक्षा ही प्रेषितांपासून अखंड चालत आली आहे, ती साखळी कोठे तुटली तर वेदीवरची भाकर नुसती भाकर राहील, ही त्यांची भीती. गुरुपरंपरा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही भीती निराळी समजावून सांगावयास नको.

मराठी माणसाला हा पंथ अगदीच परका आहे असेही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला तो इंग्लंडातील वाँटेज येथे, ह्याच वळणाच्या सिस्टरांच्या मठात. आणि 'तुमच्या धर्मातली अमुक गोष्ट मी का मानावी' ह्यावरून त्यांचा सिस्टर जेराल्डीनशी झालेला पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात आपल्यापुढे आहे. त्याच वाँटेजच्या सिस्टरांनी आणि काउलीच्या मठवासी पाद्र्यांनी पुण्यातही काम केले, पंचहौद मिशनात. पंचहौद म्हटले की आपल्याला आठवतो तो १८९० मधला चहा. तेथे काही प्रतिष्ठित पुणेकरांपुढे चहा-बिस्किटे आली, नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले आणि टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. एका पेल्यावरून समाज दुभंगू शकतो हे पुणेकराला पिमबाईंकडून शिकण्याचे कारण नाही. पण पेल्यात एवढे काय असते, हे मात्र तिच्याकडून शिकण्यासारखे आहे.

'एक्सलन्ट विमेन' (१९५२) ही तिची सर्वांत चांगली कादंबरी. नावाचा अर्थ 'गुणी बायका' असा करावा. त्यात जो किंचित कुत्सितपणा आहे तो मराठीतही उतरतो. मिल्ड्रेड लॅथबरी ही तिशी ओलांडलेली, अविवाहित, पाद्र्याची मुलगी. युद्ध नुकतेच संपलेले, रेशन चालू, न्हाणीघर शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेले. चर्चसाठी जुन्यापान्या वस्तूंची विक्री लावणे, वेदीसाठी फुले रचणे, कोणाचे लग्न मोडले तर निरोप पोहोचविणे, कोणी घर सोडून गेले तर त्याचे सामान पाठविणे ही तिची कामे. कोणी तिला ती सांगत नाही. ती तिच्याकडेच येतात. व्हिकारची बहीण विनिफ्रेड, भावाच्या होणाऱ्या बायकोशी खटका उडाल्यावर, भर पावसात घरातल्या सपाता घालून जाते ती मिल्ड्रेडच्याच दाराशी. आपल्या चाळींत आणि वाड्यांत अशी एक तरी आत्या किंवा मावशी असेच. दुसऱ्यांच्या बाळंतपणाला, दुसऱ्यांच्या तेराव्याला, सगळीकडे पदर खोचून उभी; पंगतीला मात्र शेवटी.

ह्या कादंबरीतील एक लहानसा प्रसंग मला फार मोठा वाटतो. चर्चच्या मंडळाच्या बैठकीत भली मोठी किटली तयार आहे. मिल्ड्रेडच्या तोंडून सहज निघून जाते, की आज आपल्याला चहा खरोखर हवाच आहे का? शेजारची मिस स्टॅथम गडबडून जाते. प्रश्न साधा, पण तिच्या पायांखालची जमीन हलते. मिल्ड्रेडच्या ध्यानात येते, की आपण काहीतरी फार मूलगामी विचारून बसलो. टीकाकार हा प्रसंग गोड विनोद म्हणून सांगतात. विनोद आहेच. पण मिस स्टॅथमची भीती खोटी नाही. आज चहा हवा का, असे विचारणाऱ्याने उद्या संध्याकाळची प्रार्थना हवी का, असे विचारले तर ती काय उत्तर देणार? तिच्यापाशी उत्तर नाही, नेम आहे. तुळशीपुढे रोज दिवा लावणाऱ्या बाईला 'का' विचारले तर ती तरी काय सांगेल? आणि सांगता आले नाही म्हणून तिची श्रद्धा कमी ठरते का?

श्रद्धा ही मतात असते की नेमात, हा पिमबाईंच्या कादंबऱ्यांतला खरा प्रश्न आहे. तिचा कौल नेमाच्या बाजूने आहे, पण तो आंधळा कौल नव्हे. रिकामा नेम कसा दिसतो हेही ती दाखविते. 'अ ग्लास ऑफ ब्लेसिंग्ज' (१९५८) मधली विल्मेट ही सुखवस्तू बाई धूप दरवळणाऱ्या चर्चमध्ये जाते ती थोडी सौंदर्याच्या ओढीने, थोडी कंटाळ्याने. आणि तेथल्या फादर थेम्सपाशी एक उंची फॅबर्जे अंडे आहे, ते त्यांचाच घरकाम पाहणारा माणूस लांबवितो. पंथाची सारी नटवी बाजू त्या अंड्यात आली आहे. शेजारीच मेरी बीमिश आहे, नीरस, ढगळ कपड्यांची, रक्तदान करणारी. विल्मेटला ती सहन होत नाही आणि कादंबरी संपेपर्यंत आपल्याला विल्मेटपेक्षा तीच खरी वाटू लागते.

ह्याच कादंबरीत चहाच्या टेबलावर एक प्रश्न येतो तो थेट आपल्या देशातून. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर दीड महिन्याच्या आत, मद्रासला अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि इतर प्रॉटेस्टंट मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाले. हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांना हा ऐक्याचा दिवस. लंडनच्या अँग्लो-कॅथलिकांना मात्र धास्तीचा, कारण बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेले धर्मसेवकही त्यात तसेच सामील करून घेतले होते. साखळी तुटली! टी. एस. एलियटसारख्या कवीने १९४३ सालीच ह्या योजनेविरुद्ध 'रीयुनियन बाय डिस्ट्रक्शन' ही पुस्तिका लिहिली होती. एकी करावयास निघालात आणि मोडतोड करून बसणार, असा तिचा सूर. एलियट पंचवीस वर्षे लंडनमधल्या एका चर्चचा वॉर्डन होता, तेव्हा त्याला हा अधिकार होता. पण पुस्तिकेतला एलियट आणि पिमबाईंच्या टेबलावरची कुजबूज शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर मला दुसरीत जास्त सत्य दिसते. मद्रासला कोणी कोणाच्या डोक्यावर हात ठेवला ह्याची काळजी लंडनमधल्या माणसाला खरोखरच झोप लागू देत नाही, आणि तीच काळजी थोडी हास्यास्पदही आहे, ह्या दोन्ही गोष्टी ती एका वाक्यात धरते. एलियटला हसू येत नाही. (उत्तरेकडे असेच ऐक्य पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपूरला झाले.) एलियटचा बाप्तिस्मा १९२७ साली ऑक्सफर्डशायरातील फिन्स्टॉक ह्या खेड्याच्या चर्चमध्ये झाला, पिमबाईंची कबर त्याच चर्चच्या आवारात आहे. योगायोगावर मी इमले बांधीत नाही, पण हा सांगितल्यावाचून राहवत नाही.

पिमबाई गेल्या त्याच वर्षाच्या अखेरीस चर्च ऑफ इंग्लंडने आधुनिक इंग्रजीतले पर्यायी प्रार्थनापुस्तक काढले. १६६२ च्या जुन्या पुस्तकावर वाढलेल्यांना तो पहिला मोठा घाव. मग ११ नोव्हेंबर १९९२ रोजी स्त्रियांना पुरोहितपद देण्याचा ठराव झाला आणि १९९४ मध्ये पहिल्या बत्तीस जणींना ब्रिस्टलला दीक्षा मिळाली. स्त्री-बिशपांचा ठराव २०१२ साली फेटाळला गेला, तोही बिशपांमुळे किंवा पाद्र्यांमुळे नव्हे, सामान्य भक्तांच्या सभागृहात सहा मते कमी पडल्यामुळे. २०१४ मध्ये तो मंजूर झाला, आणि २०२५ साली कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली ह्यांची निवड जाहीर झाली. मधल्या काळात कोणी रोमला गेले. त्यांच्यासाठी २०११ साली इंग्लंडात वेगळी व्यवस्थाच झाली. अमेरिकेत १९७७ पासून निराळी चर्चे निघाली आणि ती पुढे आपसांतही फुटली. जे इंग्लंडच्या चर्चमध्येच राहिले त्यांच्यासाठी गावोगाव फिरणारे खास बिशप नेमले गेले. लोक त्यांना 'उडते बिशप' म्हणू लागले. हे नाव पिमबाईंना सुचले असते तर त्यांनी चार पाने रंगविली असती.

'एक्सलन्ट विमेन'मधले सेंट अर्मिन्स चर्च ह्या फाटाफुटीच्या संदर्भात मला पुन्हा पुन्हा आठवते. बॉम्बने ते इतके मोडले आहे, की एकच बाजू वापरता येते. आणि नेहमीचीच माणसे त्या एका बाजूत दाटीने बसत असल्यामुळे चर्च भरल्यासारखे वाटते. युद्धानंतरच्या लंडनचे हे साधे वर्णन आहे. पण फुटून निघालेल्या लहान मंडळीला आपण वाढलो आहोत असे जे वाटत असते, त्याचे ह्याहून नेमके चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पिमबाईंना केवळ चहा-बिस्किटांची लेखिका मानणाऱ्यांचे मला नवल वाटते. त्यांनी 'क्वार्टेट इन ऑटम'मधली दुधाच्या बाटल्या साठवीत उपाशी खंगणारी मार्शिया पाहिलेलीच नसावी. पण जुन्या वळणाचे जे लोक तिला आपली साध्वी मानतात त्यांच्याशीही माझे जमत नाही. शेवटच्या 'अ फ्यू ग्रीन लीव्हज'मध्ये (१९८०) गावची माणसे चर्चपेक्षा डॉक्टरच्या दवाखान्यात जास्त नेमाने जमतात. हे कोणाच्या ठरावामुळे झालेले नाही. नेम तसाच आहे, दरवाजा बदलला आहे.

तिचे उणेही सांगितले पाहिजे. तिच्या गुणी बायका वेदीची फुले रचतात, वेदीशी उभ्या राहत नाहीत, आणि ह्याबद्दल त्यांच्या मनात जे काही असेल तेथपर्यंत ती जात नाही. विनोद करून बाजूला होते. ज्या बायकांनी पुढे पुरोहितपद मागितले त्या आणि ज्या बायकांनी त्याला कडाडून विरोध केला त्या, दोघीही मिल्ड्रेडच्याच लेकी. डेव्हिड हेअरच्या 'रेसिंग डीमन' (१९९०) ह्या नाटकात पाद्री आणि बिशप एकमेकांना ओरबाडताना दिसतात. नाटक जोरदार आहे, पण म्हणजे आपण पुन्हा ट्रोलॉपच्याच जत्रेत आलो. बाकावर बसलेल्या बाईची कादंबरी राहिलीच.

आणि तिची कादंबरी व्हावी असे घडले होते. १९९२ च्या ठरावानंतर स्त्री-पुरोहित नको असेल तर तसे ठरविण्याची मुभा प्रत्येक पॅरिशच्या मंडळाला दिली गेली. म्हणजे हा दोन हजार वर्षांच्या साखळीचा वाद शेवटी आला तो त्याच खोलीत, जेथे किटली ठेवलेली असते, आणि त्याच माणसांपुढे, जी आजवर फुलांची पाळी आणि जुन्या कपड्यांची विक्री ठरवीत आली होती. वर्षानुवर्षे एकमेकींच्या कपबश्या विसळणाऱ्या बायकांना आता हात वर करून मत द्यावयाचे होते. विनिफ्रेडने भावाकडे पाहिले असते. मिस स्टॅथमने पुन्हा घाबरून किटलीकडे पाहिले असते. मिल्ड्रेडने काय केले असते ह्याचा मी बराच विचार केला आहे. तिला मत नव्हते असे मुळीच नाही. पण ती हात मोजावयास उठली असती, कारण ते काम कोणी तरी करावयास हवे होते, आणि इतिवृत्तही तिच्याच अक्षरात लिहिले गेले असते.