गॉरचं म्हणणं आणि इंद्राचं पाप

फलकावर 'विजेचा देव आणि देव मारणारा' असं वाचून काहीजण पुराण ऐकायला आलेत, आणि पुढच्या रांगेतली मुलं थॉरसाठी. दोघांनाही आज अर्धं अर्धं मिळणार आहे. (हशा)

आधी पुस्तकाचं सांगतो. मार्वलची 'थॉर: गॉड ऑफ थंडर' ही मालिका २०१२च्या शेवटी सुरू झाली. लेखक जेसन आरन, चित्रकार एसाद रिबिच. पहिल्या अंकात दूरच्या एका ग्रहावर दुष्काळ पडलाय. एक मुलगी पावसासाठी प्रार्थना करते आणि पृथ्वीवरचा थॉर तिथे जाऊन पाऊस पाडतो. मग तो सहज विचारतो, तुमचे स्वतःचे देव कुठे आहेत? उत्तर मिळतं, आम्हाला देवच नाहीत. थॉर त्या ग्रहाच्या देवांची नगरी शोधून काढतो, तर तिथे सगळे मेलेले. कुणीतरी मारलेले. त्या मारणाऱ्याचं नाव गॉर.

कॉमिकमधला पाऊस मोजून पडतो. प्रार्थना तेवढा पाऊस. इथे कात्रजला बसून तसं म्हणवत नाही. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र इथल्या अनेकांच्या लक्षात असेल. वरून आलेलं पाणी घेऊन आंबिल ओढा खाली सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत घुसला, भिंती पडल्या, माणसं गेली. तो पाऊस कुणी मागितला नव्हता. आणि मागितलेला पाऊस येत नाही, तेव्हा आपल्या गावांत काय करतात? गाभाऱ्यात पाणी भरून महादेवाची पिंड बुडवतात. पाऊस पडेपर्यंत बस तसाच! 'देव पाण्यात घालून बसणं' आपण परीक्षेच्या निकालालाही म्हणतो. हे देवाशी भांडणच आहे, पण घरातल्या माणसाशी भांडावं तसं. दुसऱ्या दिवशी पूजा चुकत नाही.

गॉरला ही सोय नाही. त्याची हकीकत सहाव्या अंकात येते आणि माझ्या मते सगळ्या मालिकेतला तो सर्वांत चांगला अंक आहे. ओसाड ग्रह, उपासमार. आई जाते, बायको जाते, एकामागून एक मुलं जातात. देव नाहीत असं तो म्हणतो, तेव्हा त्याचेच लोक त्याला हाकलून देतात. मग आकाशातून दोन देव लढत लढत त्याच्यासमोर कोसळतात. म्हणजे देव होते! आणि त्यातला एक जखमी देव गॉरकडेच मदत मागतो. ज्यानं आयुष्यभर मागितलं आणि काही मिळालं नाही, त्याच्याकडे देव हात पसरतो. तिथे गॉर तलवार उचलतो.

२०२२च्या 'लव्ह अँड थंडर' सिनेमात हा प्रसंग बदललाय. तिथला देव गॉरला हसतो, त्याची टर उडवतो. बदल छोटा वाटतो, पण सगळं सोपं करून टाकतो. दुष्ट देवाचा राग कुणालाही येईल. कॉमिकमधला देव दुष्ट नाहीच, त्याला गॉर नावाचं कुणी आहे हेच ठाऊक नाही. तक्रार खरी जड होते ती इथे.

आता पुराण ऐकायला आलेल्यांसाठी. मूल गमावलेला बाप आणि त्याच्या दुःखातून उभा राहिलेला देवाचा मारेकरी, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. त्वष्टा हा देवांचा कारागीर. इंद्राचं वज्र घडवलं ते त्यानंच, असं ऋग्वेद सांगतो. त्याचा मुलगा विश्वरूप, तीन डोक्यांचा. इंद्रानं संशयापोटी ती तिन्ही डोकी उडवली. ज्यानं शस्त्र दिलं, त्याचंच पोर मारलं. मग त्वष्ट्यानं यज्ञ करून वृत्र निर्माण केला, तो इंद्राला मारण्यासाठीच. पण 'इंद्रशत्रु' हा शब्द उच्चारताना स्वर चुकला. 'इंद्राला मारणारा' म्हणायचं होतं, झालं 'इंद्र ज्याला मारणार तो'. एका स्वरावर बापाचा सगळा आक्रोश उलटला. संस्कृत शिकवणारे हे उदाहरण उच्चाराचं महत्त्व पटवायला सांगतात. मला मात्र दरवेळी त्वष्टा आठवतो. त्याच्या तक्रारीचं पुढे काय झालं?

आरनच्या पुस्तकातही नेमकी हीच अडचण आहे. गॉरची तक्रार इतकी खरी आहे की लेखक पुढे तिला घाबरतो. मग गॉर देवांना गुलाम करतो, काळाच्या आरपार सगळे देव एकदम मारणारा बॉम्ब बांधून घेतो. तलवारीच्या काळ्या सावलीतून त्यानं आपली बायको पुन्हा घडवलेली असते. ती त्याला देव म्हणते आणि तो तिला मारून टाकतो. म्हणजे वाचकानं म्हणावं, हा तर त्यांच्याहून वाईट! इतका क्रूर केल्यावर त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. तीन काळांतले तीन थॉर मिळून लढतात ती पानं रिबिचनं थाटात रंगवलीत, पण मला ती पळवाट वाटते.

आरनला पुढे ते स्वतःलाच टोचत असावं. २०१४ साली दुसऱ्या एका कथानकात थॉरच्या कानात कुणीतरी काहीतरी कुजबुजतं आणि त्याच क्षणी हातोडा त्याच्या हातून निसटतो. तो पुन्हा उचलताच येत नाही. काय कुजबुजलं, ते वाचकांना कळायला २०१७ उजाडलं: गॉरचं बरोबर होतं. एवढंच. लढाई जिंकलेला देव त्या वाक्यानं अपात्र ठरतो, कारण ते खोटं आहे असं त्याला म्हणता येत नाही.

महाभारताच्या उद्योगपर्वातला इंद्र आठवून बघा. वृत्राशी तह करून, मग तो मोडून तो त्याला मारतो, आणि जिंकल्यावर पळतो. पाण्यात, कमळाच्या देठात लपून बसतो. वज्र असलेला देव देठात! स्वर्गाचं सिंहासन रिकामं, तिथे नहुष बसतो आणि त्याची नजर शचीवर जाते. एवढं प्रांजळ चित्र मार्वलला जमलेलं नाही.

पण पुढे काय होतं? इंद्राची ब्रह्महत्या वाटली जाते. झाडांना, नद्यांना, डोंगरांना, जमिनीला आणि स्त्रियांना. तैत्तिरीय संहितेत विश्वरूपाच्या हत्येचं पाप असंच वाटलंय, आणि बायकांच्या वाट्याचा हिस्सा म्हणजे मासिक पाळी. गुन्हा विजेच्या देवाचा, हिशेब बाईच्या शरीरावर. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं न खाता उपास धरतात, तो सांगितलाय रजोदोषासाठी. आपल्या कित्येक घरांत 'बाहेरची' म्हणून बाजूला बसलेल्या आजीला कुणी सांगितलं नसेल की मुळात हे कुणाचं देणं होतं.

आणि आता थॉरचा हातोडा कुणी उचलला ते सांगतो. जेन फॉस्टरनं. तिला स्तनाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. हातोडा उचलून ती थॉर झाली की शरीरातलं औषधही विष म्हणून निघून जातं. दरवेळी जग वाचतं आणि तिचा आजार वाढतो. आरननं तैत्तिरीय संहिता वाचली असेल असं मी म्हणत नाही. (हशा) पण दोन्हीकडे देवाच्या चुकीची किंमत एका बाईच्या अंगावर येते, याकडे इतकी परीक्षणं वाचूनही मला कुणी बोट दाखवलेलं दिसलं नाही. बहुतेकांचा वाद एवढाच, की बाई थॉर झालीच कशी.

फरक मात्र आहे. जेनला किंमत माहीत असते, अंकामागून अंक ती केमोच्या खुर्चीत बसलेली दिसते आणि तरी उचलते. संहितेतल्या बायकांनीही फुकट काही घेतलं नव्हतं. त्यांनी बदल्यात वर मागितला, ऋतूनंतर संतती व्हावी असा, आणि इंद्राला तो द्यावा लागला. ऋषिपंचमीची पोथी ऐकताना या वराचा उल्लेख कधी कानावर आलाय का, ते घरी गेल्यावर आईला, आजीला विचारा.