हिरवी खूण काय सिद्ध करते? ग्राफिकल इंटरफेसच्या मुक्तस्रोत चाचणी साधनांचे परीक्षण

चाचणीचे साधन निवडताना ‘कोणते वेगवान?’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा: हे साधन पडद्यावरची वस्तू ओळखते कशी?

१. चित्रावरून. एमआयटीत तयार झालेले, २००९ मध्ये मांडलेले सिकुली बटणाचे चित्र घेऊन पडद्यावर तसेच चित्र शोधते. ते अनेक प्रणालींवर चालते, पण फॉन्ट किंवा थीम बदलली की अडते.

२. रचनेवरून. जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये सुरू केलेले सेलेनियम वेबपानातील घटक त्याच्या आयडीवरून, एक्सपाथवरून किंवा मजकुरावरून शोधते. त्याचा वेबड्रायव्हर २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीचे मानक झाला. मर्यादा एवढीच की ते ब्राउझरबाहेर जात नाही.

३. सुगम्यतेच्या माहितीवरून. लिनक्सवरील एलडीटीपी आणि डॉगटेल ही साधने एटी-एसपीआय वापरतात. दृष्टिहीनांसाठीचा ओर्का वाचकही तेच वापरतो. बटणाला नाव दिले नसेल, तर चाचणी आणि ओर्का दोघेही अडखळतात.

आता एक उदाहरण. अड्यारच्या आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने मराठी अर्ज तयार केला. तालुक्यांच्या यादीत ‘कऱ्हाड’ डोळ्यांना दिसत होते, तरी सेलेनियमला मजकुरावरून सापडेना. वैतागून त्याने सिकुली लावले आणि चाचणी लगेच हिरवी झाली.

मी ती हिरवी खूण अमान्य केली. कारण युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ तीन प्रकारे लिहिला जातो: स्वतंत्र अक्षर (०९३१), र आणि नुक्ता, किंवा र, हलन्त आणि शून्यरुंदी जोडक. पहिले दोन प्रकार सामान्यीकरणाने एक होतात. तिसरा मात्र वेगळाच राहतो. यादीत तिसरा होता, चाचणीत पहिला. म्हणजे कऱ्हाडचा अर्जदार शोधचौकटीत आपला तालुका टाइप करील आणि उत्तर येईल, ‘आढळले नाही’. सेलेनियमची लाल खूण खरा दोष सांगत होती. सिकुलीने तो झाकला.

माझे मत असे: वेबसाठी सेलेनियम, लिनक्स डेस्कटॉपसाठी सुगम्यतेवर आधारलेली साधने, आणि सिकुली केवळ दुसरा मार्ग नसेल तेव्हा. घटक आयडीने शोधा, मजकूर वेगळा तपासा.

स्वाध्याय: आपल्या प्रकल्पातील ‘ऱ’ असलेला एक शब्द तिन्ही प्रकारे टाइप करून शोधा. किती वेळा सापडतो, ते नोंदवा.