वैमानिकाची चूक : एक अपुरे उत्तर

विमानाला अपघात झाला की काही दिवसांतच वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग हमखास येतो : 'वैमानिकाची चूक'. वर्गातही आपण तो तसाच उचलतो. अपघाताची कारणे विचारली की यांत्रिक बिघाड, खराब हवामान आणि मानवी चूक अशी तीन उत्तरे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. यांतले तिसरे उत्तर खोटे नाही. पण ते विज्ञानाचे उत्तर आहे का, याविषयी आम्हांला शंका आहे. कारण कळले की पुढची घटना टाळण्याचा मार्ग दिसला पाहिजे. 'चूक झाली' एवढ्याने तो दिसत नाही.

मुंबईच्या उपनगरांतलेच उदाहरण घेऊ. १९५३ च्या जुलैमध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. सुदैवाने निभावले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने नेमके तेच केले. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि निकामी झाले. जीवितहानी मात्र झाली नाही. दोन वेगळ्या देशांचे वैमानिक, मध्ये एकोणीस वर्षे आणि चूक एकच! माणसे बदलूनही चूक तीच राहते, तेव्हा तिचे मूळ केवळ माणसांत शोधून कसे चालेल? नकाशा पाहा. जुहूची मुख्य धावपट्टी ०८-२६, सांताक्रूझची ०९-२७. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरील दिशेच्या अंशांचा दहावा भाग. म्हणजे दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ समांतर आहेत. अंतर थोडके आणि समुद्राकडून येणाऱ्याला आधी लागते ते जुहू. ज्या दिशेची धावपट्टी मनात धरली होती, तशीच समोर दिसली. मग शंका यावी कशी?

डोळ्यांचे जे होते तेच कानांचेही होते. विमान निघण्यापूर्वी नियंत्रक वैमानिकाला मार्गाची परवानगी देतो : कोठे जायचे, कोणत्या मार्गाने, किती उंचीपर्यंत चढायचे. प्रत्यक्ष धावपट्टीवरून सुटण्याची परवानगी वेगळी असते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफ येथे दाट धुक्यात केएलएमचे बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी उभे होते. नियंत्रकाने मार्गाची परवानगी सांगितली. तिच्यात 'टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा' असे शब्द होते. सहवैमानिकाने ती म्हणून दाखवली आणि शेवटी 'आम्ही आता टेक-ऑफवर आहोत' अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य जोडले. नियंत्रक 'ओके' म्हणाला. लगेच त्याने 'थांबा, मी सांगेन' असेही सांगितले. पण त्याच क्षणी धावपट्टीवरच असलेले पॅन अ‍ॅमचे विमान बोलू लागले. एकाच वारंवारितेवर दोघे एकदम बोलले की दोन्ही वाहक लहरींतील किंचित फरकामुळे कर्कश शिटी ऐकू येते. दोन नादकाट्यांच्या प्रयोगात आपण विस्पंद दाखवतो, त्याचेच हे भावंड. केएलएमच्या विमानात शिटी ऐकू आली, इशारा कळला नाही. ५८३ माणसे मेली.

स्पॅनिश चौकशी अहवालाने मूळ कारण म्हणून कप्तानाने परवानगीविना उड्डाण केल्याचे नोंदवले. डच बाजूने परस्पर गैरसमजावर भर दिला. आमच्या मते पहिले म्हणणे खरे आहे आणि दुसरे उपयोगाचे आहे. हा कप्तान नवखा नव्हता. कंपनीतील ७४७ च्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाची धुरा त्याच्याकडे होती. त्याला दोष देऊन पुढचा कप्तान सुधारला नसता. सुधारली ती भाषा. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे, असा दंडक आला.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान १५,००० फुटांवर राहायचे सोडून खाली आले, हे खरेच. 'त्यांना इंग्रजी येत नव्हते' एवढ्यावर चर्चा थांबणे मात्र आम्हांला खटकते. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणाऱ्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. दिल्लीचा रडार उंची दाखवत नव्हता. येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गिकेत होती. नंतर मार्गिका वेगळ्या झाल्या, टक्कर टाळणारी उपकरणे सक्तीची झाली. शिकवण्याजोगा भाग हा आहे.

यावर कोणी म्हणेल, ही चुकणाऱ्याची वकिली झाली. तसे नाही. जबाबदारी ठरवणे न्यायाचे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. कारण शोधणे हे निराळे काम आहे.

वर्गासाठी याचा एक धडा आहे. भांडुप स्थानकात लोकल सुटताना गार्ड (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) दोन घंटा देतो. मोटरमन तशाच दोन घंटा परत देतो आणि मग गाडी हलते. वैमानिकही परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवतो. आपण मात्र 'समजले का?' विचारतो आणि 'हो' ऐकून पुढे जातो. टेनेरीफचा 'ओके' आणि वर्गातला 'हो' यांत फारसा फरक नाही. एखाद्या तासाला पाच भागांची सूचना द्या. अर्ध्या वर्गाकडून नुसता 'हो' घ्या, अर्ध्याकडून सूचना परत म्हणवून घ्या आणि कोणाचे किती चुकते ते फळ्यावर मांडा. म्हणून दाखवलेले आपण स्वतः लक्ष देऊन ऐकतो का, हेही त्यात तपासा. नियंत्रकाची गफलत तेथेच होते.

आणि परीक्षेत 'चूक कोणाची?' असे विचारण्याऐवजी 'त्याच्या जागी दुसरा असता तर तोही चुकला असता का आणि का?' असे विचारून पाहा. मग विद्यार्थ्याला नकाशा काढावा लागेल, लहरींचा विचार करावा लागेल आणि शब्द तपासावे लागतील.